वरची ओळ पाखरांची

४ फेब्रुवारी

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. टेकडीवरच्या सपाट दगडावर मी आणि भास्करभावजी, मध्ये टोपलीभर सीताफळं. मी औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमधून आलेली, म्हणून घरून बशी आणि चमचा घेऊन चढले होते. धाकटा दीर, मिसरूड नुकतं फुटलेलं. त्याने माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "वैनी, बिया बशीत कावून ठेवताव? थुंका की लांब. न्हाईतर टेकडी वाढायची कशी?" मग कोणाची बी लांब जाते ते बघत बसलो. माझी हनुवटीवरूनच ओघळायची. हे खाली बांधावर उभे राहून हसत होते.

आज भास्करभावजींच्या सहीचा कागद आला. चेअरमन, फळप्रक्रिया सहकारी संस्था. विषय तिसरा: टेकडीवरील निरुपयोगी झुडपे काढून सुधारित कलमांची लागवड करणे.

निरुपयोगी. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

९ फेब्रुवारी

संचालकांची सभा. बायका दोनच, मी आणि कुसुम. ती निवृत्त मुख्याध्यापिका. भीमनगरातली पहिली मास्तरीण, अजूनही सगळं गाव तिच्यापुढे पाटी घेऊन बसल्यासारखं.

भा. उभे राहून बोलले, चांगलं बोलतात. दोन हंगाम पाऊस नाही, सीताफळ झाडावरच काळं पडून दगड होतंय, गराची मशीन धूळ खातेय. नव्या कलमांचं फळ मोठं, बिया कमी, त्याला ठिबक. योजनेत बसायचं तर टेकडी सलग हवी. पूर्वेची उतरण त्यांची, ते देणार. पश्चिमेची माझी.

ठिबकला पाणी कुठून, मी विचारलं. टँकर.

गावात टँकर आला की हंड्यांवरून भांडणं होतात. कुसुम म्हणाली, "माणसाला आठवड्यानं आणि कलमाला रोज. मग चेअरमनसाहेब, आम्हालाच एकेका आळ्यात उभं करा." हसले सगळे. भा. सुद्धा. ठरावात हसणं लिहीत नाहीत.

एकाने शोध लावला की सातबाऱ्यावर टेकडी पोटखराब आहे, फळझाडांची नोंदच नाही. म्हणजे झाडं नाहीतच. मग तोडण्याचा प्रश्न कुठे. एवढी वर्षं ज्यांच्या फळावर संस्थेची शेड उभी राहिली ती झाडं नाहीत. कोणी लावली नाहीत म्हणून. माणसांनी थुंकली, कोल्ह्यांनी हगली, पाखरांनी टाकली, त्यांची नोंद कोण करणार.

मी सही देणार नाही म्हणाले. बाहेर पडताना भा. हळू आवाजात, "वैनी, करारात झाडं संस्थेच्या ताब्यात हायत. दादानंच दिलीत. सर्वसाधारण सभेत ठराव झाला तर तुमची सही लागत न्हाई. तसं करायला लावू नका मला."

हे गेले, सही राहिली. बायांना घरच्या घरी काम मिळावं म्हणून केलेला करार.

१८ फेब्रुवारी

काल दुपारी अवकाळी. अर्धा तास, टपोरा. पश्चिमेच्या सीताफळांना आज कोंब. आत्ता. माघात. पळससुद्धा गोंधळलाय, फूल आणि पान एकदम.

आधी आनंद झाला, मग धास्ती. बाई, आत्ता कशाला उघडतेस, पुढे अख्खा उन्हाळा आहे. मोठ्याने बोलले. टेकडीवर कोणी नव्हतं म्हणून बरं.

६ मार्च

झालं तेच. इस्त्री फिरवल्यासारखे कोंब चपटे, काळे. आठ दिवसांत एवढं ऊन चढलं. चुकार फुलं आली होती. टाचणीने उघडून पाहिली, आत एकही भुंगेरा नाही. एरवी मोहरीएवढे काळे भुंगेरे गर्दी करतात, त्यांच्याशिवाय या फुलाचं फळ होत नाही.

शाळेत सिस्टर थिओडोरांनी प्रत्येकीला आवारातलं एकेक झाड वाटून दिलं होतं. वर्षभर त्याची रोजनिशी लिहायची. मला वाळकं रामफळ. मार्चमध्ये मी लिहिलं, झाड मेलं. सिस्टरांनी लाल शाईने खोडलं आणि समासात विचारलं, नाडी पाहिलीस का. मग नखाने साल खरवडून दाखवली.

भिंग अजून आहे माझ्याकडे. त्यांचंच.

२३ मार्च

ऊसतोडीला गेलेल्या बाया परतल्या. पारूबाई सगळ्यांच्या पुढे, नेहमीसारखी. काळीठिक्कर पडली आहे. तिच्या बोटांना बघून आपण काही बोलू नये असं वाटतं. सीताफळाचा हंगाम बरा असला की या बायका गर काढून, दिवाळी घरी करून मग कोयते उचलतात. हंगाम बुडाला की दसऱ्यालाच मुकादमाच्या ट्रकमध्ये. दोन वर्षं दिवाळी उसाच्या फडात.

तिला विचारलं, टेकडी काढणार म्हणतात, तुझं काय मत. "मत काय, वैनी. फळ असंल तर आमी हितं. नसंल तर आमी कुठं बी. आमचं मत ट्रकमदी बसून जातंय."

सभासदांत निम्म्याहून जास्त या बाया. हे डोक्यात ठेवायला हवं.

५ एप्रिल

चारा छावणीला निघालेली जनावरं दिवसभर रस्त्यावरून. माणसं लिंबावर चढून फांद्या उतरवतात, हिवराची पार खुंटं झाली. बोर, आपटा, हेंकळ, शेळ्यांनी जमिनीलगत आणलं सगळं. तरवडसुद्धा. कोणाला बोलणार, घरात जनावर उपाशी असताना.

सीताफळाला मात्र शेळी तोंड लावत नाही. म्हणून ते उभं आहे, म्हणून टेकडीवर माती आहे. एवढं साधं.

१४ एप्रिल

कुसुमकडे जयंतीचं जेवण. भा. आले होते, पुष्पहार घालून, भाषण न करता जेवायला बसले, हे बरं केलं. कुसुमने खीर वाढता वाढता विचारलं, पाहणी कधी. पुढच्या आठवड्यात म्हणाले. "वैशाखात सीताफळाची पाहणी," ती म्हणाली, "मग शाळेची तपासणी मे महिन्यात का घेत नव्हते? सगळी पोरं गैरहजर सापडली असती." खीर त्यांच्या घशात अडकली असणार. पण दुसऱ्यांदा मागून घेतली.

२२ एप्रिल

पाहणी झाली.

टोप्या, उपरणी, पाण्याच्या बाटल्या. अर्धे अर्ध्यात थांबले. भा. वरपर्यंत आले. एक काडी मोडली, कट्. "वाळून खारीक झालीत, वैनी. कावून जीव लावून बसलाव?"

मी त्यांच्यासमोर बुंध्याची साल नखाने खरवडली. खाली हिरवं. ओलसर हिरवं, काकडीच्या सालीसारखं. त्यांनी पाहिलं. नक्की पाहिलं. मग परळीच्या बाजूला बघायला लागले, तिकडे काय होतं कोण जाणे.

खाली उतरून लिहिलं: सर्व झुडपे मृत.

या माणसाला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून माहीत आहे की वैशाखात सीताफळ नागवं उभं राहतं. पाणी वाचवायला पानं टाकतं, अंग चोरतं. दर वर्षी. त्यात नवल काय. पण दोन वर्षं गावाने त्याच्या दाराशी येऊन विचारलंय, चेअरमन, करताय काय तुम्ही. आणि वाट पाहणं दाखवता येत नाही. खड्डे दाखवता येतात.

हे समजतं म्हणून राग जात नाही. उलट वाढतो.

११ मे

पूर्वेच्या बाजूला जेसीबी. पहाटेच आवाज. कुसुमला घेऊन गेले, माझा गुडघा आणि तिची दमछाक, पोहोचेपर्यंत दोन पट्टे साफ.

चालवणारा दिंद्रुडचा इस्माईल, यंत्र बंद करून उतरला, पाणी प्यायला. उपटलेल्या मुळ्या ओल्या होत्या. मातीत नाही, खडकाच्या फटीफटीत गेलेल्या, दगडाला मिठी मारलेल्या, तोडल्यावर पाझरणाऱ्या. कुसुमने एक त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "मला वाळलेलं काढायला सांगितलंय मॅडम. हे वाळलेलं न्हाई. पर पट्टा आखून दिलाय." भा.ना फोन लावला त्याने, आमच्यासमोर. ऐकून घेतलं. आम्हाला काही न सांगता पुन्हा चढला.

सपाट दगडसुद्धा ढकलला. आखलेल्या पट्ट्यात येत होता.

१२ मे

आज काही लिहवत नाही.

१३ मे

अनघाचा पुण्याहून फोन. आई, काकांशी भांडू नकोस, तुझा बीपी. झाडं काय पुन्हा लावता येतील. तिला म्हटलं, ही लावलेली नव्हतीच गं. लावलेली पुन्हा लावता येतात.

नंतर वाटलं, पोरीवर कशाला राग काढला.

३० मे

पूर्वेचा डोंगर सोललेल्या कोंबडीसारखा. वावटळ उठली की लाल धूळ स्वयंपाकघरापर्यंत. खड्डे सरळ रेषेत, लांबून फार शोभतात. फोटो काढायला माणसं आली होती.

९ जून

पाऊस आला. असला पाऊस नको होता.

मिरग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, तासाभरात महिन्याचा. हल्ली असाच येतो. महिने महिने नाही, आला की अंगावर. पूर्वेकडून आवाज आला तो पाण्याचा नव्हता, दगडांचा होता. सकाळी पाहिलं. खड्ड्यांच्या ओळी नाहीत. माती नाही. पांढरा मुरूम आणि मधून घळी, माणूस उभा राहील एवढ्या. सगळी माती खाली पाझर तलावात आणि गावविहिरीत. उन्हाळाभर जिच्या तळाशी हंडा टेकत होता ती विहीर आता गाळाने भरली.

पश्चिमेकडे गेले. प्रत्येक बुंध्याच्या वरच्या अंगाला पालापाचोळा आणि मातीची उशी साचली होती. हात घातला. गार.

११ जून

विहिरीचा गाळ काढताना भा. स्वतः उतरले होते, गुडघाभर चिखलात, पन्नाशी उलटलेला माणूस. मी काठावर होते. वर पाहिलं त्यांनी, पुन्हा गाळ उपसायला वाकले.

मी बोलायला हवं होतं. काय बोलणार होते पण. मी सांगितलं होतं, एवढंच तोंडात येत होतं, आणि ते चिखलातल्या माणसाला ऐकवायचं नसतं.

दुसऱ्यांना मात्र तोंड होतं. कोणी म्हणालं, निसर्गापुढे काय चालतं. निसर्गापुढे. कुसुमने तिथल्या तिथे धुतला त्याला.

४ जुलै

पश्चिम पालवली. मेलेली झुडपं, सर्व. पूर्वेला मुरुमात पुन्हा खड्डे घेऊन कलमं लावली, शेजारी ठिबकच्या काळ्या नळ्या. पावसाळ्यात टँकर चढतोय टेकडीवर. ती कलमं बिचारी, त्यांचा काय दोष. नर्सरीतली लेकरं, मुरुमात उभी केली.

१९ ऑगस्ट

मोठी उघडीप. कलमांची पानं गुंडाळलेली. पश्चिमेला भुंगेरे आले आहेत. टाचणी घेऊन गेले होते, फुलात तिघं-चौघं दाटीवाटीने. शाळकरी पोरीसारखी हसले. भिंगातून कुसुमलाही दाखवलं. ती म्हणाली, उशिरा आले म्हणून छडी द्यावी का.

८ सप्टेंबर

फळ धरलंय. लहान आहे, गेल्या दोन वर्षांच्या मानाने पुष्कळ. पारूबाई येऊन गेली, फांद्या हाताने उचलून पाहिल्या, म्हणाली डोळे उघडायला, सालीवरच्या खवल्यांमध्ये फट पडायला, अजून महिना, दीड महिना. पाऊस मागे-पुढे झालाय, नेमकं सांगवत नाही. डोळे मिटलेलं फळ तोडलं तर पिकत नाही, काळं पडतं. गेल्या साली मशीन चार दिवस तरी चालावी म्हणून तेच केलं संस्थेने. वरची ओळसुद्धा सोडली नाही.

वरची ओळ पाखरांची. सासूबाई सांगायच्या; त्यांच्या सासूबाई त्यांना. कोणी हात लावायचा नाही, कितीही फळ लागो. ती ओळ संपली की खालच्या झाडांना पुढची पिढी नाही. गेल्या साली मी सभेत हे बोलले तर एकाने विचारलं, पाखरं सभासद आहेत का.

२६ सप्टेंबर

नवीन कागद. योजनेवाल्यांचं म्हणणं, पूर्वेच्या कलमांवर पिठ्या ढेकूण पडला तो पश्चिमेच्या जुन्या झाडांवरून आला. म्हणून रोगाचं मूळ काढून टाकावं आणि टेकडी सलग करावी. सर्वसाधारण सभा, वीस ऑक्टोबर. विषय एकच.

म्हणजे जी मेली होती ती आता रोगाचं मूळ झाली. उन्हाळ्यात मृत, पावसाळ्यात गुन्हेगार. मातीशिवाय, पाण्याशिवाय, मुरुमात उभं केलेलं कलम आजारी पडणार नाही तर काय.

वीस तारखेला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, औरंगाबादला. केव्हापासून अडलेली तारीख. कुसुम म्हणते पुढे ढकलू नकोस, पुढच्या साली टेकडी चढायची आहे ना. खरं आहे. पण सभेत मी नसणार.

मग बायाच. त्या राहिल्या तर ठराव पडतो. दसऱ्यानंतर ट्रक लागतील. डोळे वेळेवर उघडले, तोड सुरू झाली, तरच त्या थांबतील. सगळं फळाच्या डोळ्यांवर येऊन ठेपलंय.

१३ ऑक्टोबर

दसरा होऊन गेला. गावात सोनं म्हणून कांचनाची पानं वाटली, आपटा राहिलाच नाही.

मुकादम येऊन बसलाय शाळेच्या ओट्यावर. पहिला ट्रक अठराला, पहाटे. पारूबाई रोज टेकडीवर. खाली उतरताना मान हलवते. अजून नाही.

१६ ऑक्टोबर

संध्याकाळी काठी टेकत चढले. भा. आधीच वर होते, माझ्या बाजूला, एका झाडाखाली उकिडवे. चपला काढून ठेवलेल्या, देवळात काढतात तशा. मला पाहून उठले नाहीत.

मी शेजारच्या दगडावर टेकले. मग ते म्हणाले, पूर्वेकडची निम्मी कलमं गेली. मला माहीत होतं. म्हणाले, सभेत मांडावंच लागेल, चेअरमनच मागे सरला तर योजना जाईल आणि संस्था बुडवली म्हणतील. मी म्हटलं, म्हणतील. तुम्ही वैशाखात साल पाहिली होती.

"पाहिलती."

एवढंच. मग खाली पाहून, "वैनी, मला वाटलं मशीन आली की पाऊस बी येईल. हसू नका."

हसू आलंच नाही मला. रागही आला नाही, तो नंतर आला, उतरताना. त्या वेळी फक्त त्यांच्या डोक्यावरचे पांढरे केस दिसले आणि ढकललेला दगड आठवला.

त्यांनी हाताजवळचं एक फळ उलटसुलट करून पाहिलं. डोळ्यांच्या मधली रेघ किंचित पिवळसर. तोडलं नाही. विचारलं, "कधी उघडत्याल?" जसं काही मला ठाऊक. कोणत्या बाजूने विचारलं तेही कळलं नाही. ठराव व्हायच्या आत की नंतर.

१७ ऑक्टोबर

उद्या सकाळी निघायचं. अनघा गाडी घेऊन आली आहे, बॅग तिनेच भरली. ही वही कुसुमकडे ठेवून जातेय. कुसुम, खालचं तुझ्यासाठी, लाल शाई लावू नकोस.

दुपारी पारूबाई आली होती. दक्षिणेकडच्या दोन झाडांचे डोळे उघडलेत म्हणाली. दोनच. बाकीच्यांचं उद्या, परवा, सांगवत नाही. ट्रकचं काय, विचारलं. मुकादमाला म्हणाली आहे, चपाती तव्यावर आहे, ती उतरली की सांगते. तो हसला म्हणे. ती नव्हती हसली.

तर,

टेकडीच्या फाटकाची किल्ली पारूबाईला. तोड कधी सुरू करायची ते ती ठरवेल, संचालक नाहीत.

सिस्टरांचं भिंग तुला. तू शाळेत त्या भुंगेऱ्यांबद्दल सांगशील, मला माहीत आहे, निवृत्त झालीस तरी.

फडताळातल्या बरणीत गेल्या साली वेचलेल्या बिया आहेत, सुकवून राखेत घोळवलेल्या. सभेचा निकाल काहीही लागला तरी त्या थांबणाऱ्या बायांना मूठ मूठ. जाणाऱ्यांनाही. जिथे ट्रक उभा राहील तिथे टाकू देत.

अनघाला माझी चमचा-बशी. ती हसेल. हसू दे.

वरची ओळ पाखरांची. ती कोणाला देता येत नाही, पण सभेत कोणी विचारलं तर सांग, ती सभासद आहेत.

आणि ज्या दोन झाडांचे डोळे उघडलेत त्यांतलं पहिलं फळ भास्करभावजींना. वीस तारखेला, सभा सुरू व्हायच्या आधी, त्यांच्या हातात. चमचा देऊ नकोस. बियांसाठी बशीही नाही.